दुर्बिणीमागचा डोळा



अलिबागला समुद्राच्या अंगाला जुनी चुंबकीय वेधशाळा आहे. तिच्या कुंपणावरून तुमच्यापैकी कितीतरी जण रोज जात-येत असतील. पण ही वेधशाळा अलिबागलाच का, असे विचारले तर बहुतेकांना सांगता यायचे नाही. ती मूळची मुंबईची, कुलाब्याची. पृथ्वी हे एक मोठे चुंबक आहे आणि त्या चुंबकाचा जोर क्षणोक्षणी किंचित कमीजास्त होत असतो. तो फरक कुलाब्याला एकोणिसाव्या शतकात कित्येक दशके मोजला जात होता. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या आणायचे ठरले. विजेचा प्रवाह रुळांतून आणि जमिनीतून फिरणार, आणि त्याने वेधशाळेतली चुंबकसूची थरथरणार. मोजायची गोष्ट मुंगीच्या पावलाएवढी आणि शेजारी ट्रामचा धडधडाट! तेव्हा वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांनी बंदरापलीकडची शांत जागा शोधली, आणि 1904 साली अलिबागची वेधशाळा सुरू झाली. इमारतीला लोखंड वर्ज्य. दगड पोरबंदरचा, चुंबकाला ओढ लावत नाही ना हे पारखून घेतलेला. कड्या-बिजागऱ्या पितळेच्या आणि तांब्याच्या. पुढची दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग अशा दोन्ही ठिकाणी एकदमच नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आकड्यांना नव्या आकड्यांचा सांधा नीट बसावा.

मला आज बोलायचे आहे ते चुंबकाबद्दल नव्हे, उजेडाबद्दल. तरी ही हकीगत आधी सांगितली, कारण फार बारीक गोष्ट मोजू लागले की माणसाला किती शांतता लागते हे तिच्यावरून चटकन ध्यानात येते. तो धागा पुढे आपल्याला लागणार आहे.

मांडव्याच्या धक्क्यावर उभे राहिले की स्वच्छ हवेत पलीकडे मुंबई दिसते. त्या मुंबईच्या अगदी दक्षिण टोकाला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तिथे तयार झालेली एक दुर्बीण 28 सप्टेंबर 2015 रोजी श्रीहरिकोट्याहून अवकाशात गेली. जो उपग्रह तिला घेऊन गेला त्याचे नाव अॅस्ट्रोसॅट. जमिनीपासून सुमारे 650 किलोमीटर उंचीवरून तो पृथ्वीभोवती फिरू लागला.

आता दुर्बीण म्हटली की लोक विचारतात, भिंग केवढे, आरसा केवढा? शाळेच्या पुस्तकातही चित्र असते ते लांबलचक नळीचे. पण आरसा म्हणजे नुसती पन्हळ हो! छपरावरचे पाणी पन्हळ गोळा करून एका जागी आणते; पाऊस किती पडला हे मोजायचे तर खाली भांडे ठेवावे लागते. दुर्बिणीतल्या त्या भांड्याला इंग्रजीत डिटेक्टर म्हणतात. आपण त्याला शोधक म्हणू.

पूर्वी शोधक म्हणजे माणसाचा डोळाच. त्या डोळ्याची एक हकीगत सांगतो. गॅसच्या शेगडीवर मीठ घातलेला भात उतू गेला की निळी ज्योत एकदम पिवळी होते, हे आपल्या घरोघरच्या बायकांना ठाऊक आहे. ते पिवळेपण मिठातल्या सोडियमचे. हा उजेड लोलकाच्या यंत्रातून पाहिला तर त्याचा इंद्रधनुष्यासारखा पट्टा पडत नाही. अगदी शेजारी शेजारी दोन पिवळ्या रेषा तेवढ्या उमटतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या अशा आपापल्या ठरलेल्या रेषा असतात. उजेडाची अशी फोड करणाऱ्या यंत्राला वर्णपटदर्शक म्हणतात. तारा कितीही दूर असो, त्याच्या उजेडातल्या रेषा वाचल्या की तिथे कोणती द्रव्ये आहेत, ती किती तापली आहेत, तारा आपल्याकडे येतो आहे की दूर जातो आहे, हे सांगता येते. उरणच्या मिठागरातले सोडियम आणि सूर्यावरचे सोडियम, दोघांची खूण एकच.

18 ऑगस्ट 1868 रोजी हिंदुस्थानातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. फ्रान्सचा झांसेन त्यासाठी आंध्रात गुंटूरला येऊन राहिला होता. काळ्या पडलेल्या सूर्याच्या कडेला ज्या ज्वाळा दिसतात त्यांचा उजेड त्याने आणि इतर वेधकांनी वर्णपटदर्शकातून पाहिला. त्यात एक ठळक पिवळी रेषा होती. पुष्कळांना वाटले, ही आपली सोडियमचीच. पण ती सोडियमच्या रेषांपासून केसभर बाजूला होती! त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये लॉकियर या शास्त्रज्ञाने ग्रहणाची वाट न पाहता ती रेषा पुन्हा पकडली आणि ती सोडियमची नव्हे हे दाखवले. तो वायू म्हणजे हेलियम. पृथ्वीवर तो हाती लागला 1895 साली, रॅम्झे या रसायनशास्त्रज्ञाला. आपल्याकडे कोकणात एक गोष्ट सांगतात, की लॉकियरने विजयदुर्गच्या किल्ल्यावरून हेलियमचा शोध लावला. गोष्ट ऐकायला सुरेख आहे. पण त्या ग्रहणाच्या दिवशी लॉकियर इंग्लंडातच होता. शिक्षकबंधूंनी मुलांना सांगताना तेवढे जपावे.

डोळा तसा फार हुशार, पण त्याच्यात एक उणीव आहे. तो साठवत नाही. तासभर एका ताऱ्याकडे टक लावली म्हणून तो तारा काही जास्त ठळक दिसू लागत नाही. फोटोची काच आली आणि ही अडचण गेली. काच रात्रभर उघडी ठेवा, उजेड थेंबाथेंबाने साचत राहतो. थेंबाथेंबाने हा शब्द मी सहज वापरला नाही. उजेड खरोखरच सुट्या कणांनी येतो. त्या कणाला फोटॉन म्हणतात. काचेवर पडणाऱ्या शंभर कणांतले जेमतेम एक-दोन कण खूण ठेवतात, बाकीचे वाया. वीस-तीस कोटी वर्षे प्रवास करून आलेला उजेड आणि आपण त्यातला शेकडा अठ्ठ्याण्णव टाकून द्यायचा! शेतकऱ्याला विचारा, असे नुकसान त्याला सोसेल का.

ही नासाडी थांबवली सिलिकॉनच्या एका चिमुकल्या चकतीने. 1969 साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत बॉइल आणि स्मिथ या दोघांनी तिची कल्पना मांडली. 2009 साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. तिचे नाव सीसीडी. हिचे काम कसे चालते ते पाहा. घराचा स्लॅब पडतो तेव्हा माणसे रांगेने उभी राहतात आणि घमेली हातोहात पुढे जातात. सीसीडीवर अशी लाखो बारीक घरे असतात. उजेडाचा कण एखाद्या घरात पडला की तिथे इलेक्ट्रॉन मोकळे होतात. ठरलेला वेळ संपला की प्रत्येक घर आपले घमेले शेजारच्याला देते, तो पुढच्याला, असे करीत सगळा माल रांगेच्या टोकाला येतो. टोकाला एकच मापारी बसलेला असतो. तो एकेक घमेले मोजतो आणि आकडा लिहून घेतो. चांगल्या सीसीडीत शंभरातले ऐंशी-नव्वद कण हिशेबात येतात. आणि चित्र येते तेच मुळी आकड्यांच्या रूपात, त्यामुळे ते उपग्रहावरून खाली पाठवणे सोपे.

कोणी म्हणेल, मग दुर्बीण वर न्यायचीच कशाला? डोंगरावर ठेवा की. कारण असे, की आपल्या डोक्यावरचे हवेचे पांघरूण दिसणारा उजेड खाली सोडते, पण क्ष-किरण आणि बहुतेक सगळे जंबुपार किरण वरच अडवते. आपल्या जिवाला ते बरेच आहे. पण तापलेल्या ताऱ्यांची, स्फोट पावलेल्या ताऱ्यांची, कृष्णविवरात ओढल्या जाणाऱ्या वायूची खबर याच किरणांतून येते. ती ऐकायची तर हवेच्या वर जाणे भाग.

आता आपल्या मुंबईच्या दुर्बिणीकडे येऊ. ती सौम्य क्ष-किरणांची. क्ष-किरण साध्या आरशावर सरळ आदळले तर परत फिरत नाहीत, आत शिरतात. पण चपटी खापरी पाण्याला जवळजवळ समांतर फेकली की ती बुडत नाही, टप्पे घेत पुढे जाते, हा खेळ आपण समुद्रकाठची माणसे लहानपणापासून खेळतो. तीच युक्ती इथे आहे. सोन्याचा मुलामा दिलेले अॅल्युमिनियमचे पातळ पत्रे एकात एक बसवले आहेत. क्ष-किरण त्यांना चाटून जातात आणि दोन मीटर मागे एका जागी गोळा होतात. त्या जागेवर सीसीडी. तिच्यावर घरे सहाशे गुणिले सहाशे, म्हणजे 3,60,000.

इथे खरी गंमत सुरू होते. दिसणाऱ्या उजेडाचा एक कण सिलिकॉनमध्ये एकच इलेक्ट्रॉन मोकळा करतो. क्ष-किरणाचा कण फार दणकट. तो एकटाच शेकडो, हजारो इलेक्ट्रॉन मोकळे करतो, आणि किती करायचे हे त्याच्या ताकदीवर ठरलेले असते. म्हणजे घमेल्यातला माल मोजला की कण कोणत्या जातीचा होता ते कळले! वेगळा लोलक नको, वेगळी जाळी नको. शोधक हाच वर्णपटदर्शक. मात्र अट एक, की एका घरात एका वेळी एकच कण पडला पाहिजे. दोन पडले तर दोघांची बेरीज होऊन भलतीच जात हिशेबात येईल. म्हणून ही चकती सुमारे अडीच सेकंदांनी एकदा रिकामी करतात, रात्रंदिवस.

मापाऱ्याचे माप खरे आहे हे कशावरून? बाजारात वजनावर सरकारी शिक्का असतो. इथे तो शिक्का म्हणजे किरणोत्सर्गी लोखंड, लोह-55. त्याचे इवलेसे ठिपके चकतीच्या चार कोपऱ्यांवर सतत किरण टाकत राहतील असे बसवले आहेत. त्या किरणाचा एक कण सुमारे 1600 इलेक्ट्रॉन देतो हे पक्के ठाऊक आहे. 1600 च्या जागी सरासरी 1550 येऊ लागले तर समजायचे, माप खोटे पडू लागले, आणि तेवढी दुरुस्ती हिशेबात करून घ्यायची. गंमत म्हणजे हा शिक्काही झिजतो. पावणेतीन वर्षांत त्याचा जोर निम्मा होतो.

आणि आता ती शांतता. सिलिकॉन गरम असेल तर उजेड नसतानाही त्याच्यातून इलेक्ट्रॉन आपोआप सुटत राहतात. हाच इथला ट्रामचा धडधडाट. चकती सहा-सात अंशांनी थंड केली की हा गोंगाट निम्म्यावर येतो. म्हणून ही चकती शून्याखाली सुमारे 80 अंशांवर ठेवावी लागते. पण थंड वस्तूचा एक शाप आहे. बर्फाच्या सरबताच्या पेल्याला बाहेरून घाम फुटतो, तो तुम्ही पाहिला आहे. नव्या उपग्रहाच्या अंगातून वाफा निघत असतात. त्या या थंडगार चकतीवर बसल्या तर डोळ्यावर कायमचे सारे. म्हणून कॅमेऱ्याला दार असते. उपग्रह वर गेल्यावर काही आठवडे तो नुसता वाळू द्यायचा आणि मगच दार उघडायचे. दार उघडले नाही तर कितीएक वर्षांचे काम आंधळे. वर जाऊन कडी काढणारा कोणी नाही. 2015 च्या ऑक्टोबरात ते दार उघडले आणि पहिले क्ष-किरण आत आले. तो दिवस त्या मंडळींनी कसा काढला असेल याची कल्पना कोणाही पेरणी केलेल्या माणसाला येईल.

अलिबागचा संबंध इथे पुन्हा येतो. पृथ्वीचे चुंबकत्व अवकाशातल्या विद्युतभारित कणांना रोखून धरते. पण ब्राझीलच्या बाजूला, दक्षिण अटलांटिक महासागरावर, हे कुंपण जरा खचलेले आहे. तिथे हे कण बरेच खाली उतरतात. अॅस्ट्रोसॅट सुमारे 98 मिनिटांत एक फेरी करतो, आणि अशा कित्येक फेऱ्यांत त्याला त्या भागाच्या कडेवरून जावे लागते. हे कण चकतीत घुसून बारीक खळगे पाडतात. मग घमेल्यांच्या रांगेतला एखादा गडी हात थरथरल्यासारखा थोडा माल वाटेत सांडतो, आणि टोकाला पोचणारा आकडा घटतो. म्हणून टाटा संस्थेनेच या उपग्रहावर एक राखणदार बसवला. त्याचे काम एकच, कणांचा मारा वाढला की वर्दी द्यायची. वर्दी आली की नाजूक यंत्रांचा वीजदाब उतरवतात. आपल्याकडे वळीव दिसला की वाळवण आत घेतात, तसेच ते.

याच उपग्रहावर जंबुपार किरणांची दुर्बीण आहे. ती बंगलोरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेत जुळवली. पुण्याच्या आयुकाचा आणि टाटा संस्थेचाही तिच्यात हात आहे. तिचा शोधक निराळा. बोंबलाला डोल जाळे आणि पापलेटला वेगळे जाळे, हे थळ-नवगावच्या माझ्या विद्यार्थ्यांना मी शिकवायला नको. तसेच इथे. सीझियम आयोडाइडचा थर असा आहे, की जंबुपार कण आला तर तो इलेक्ट्रॉन सोडतो. साधा उजेड कितीही पडला तरी ढिम्म. तो एक इलेक्ट्रॉन पुढे काचेच्या केसाएवढ्या नळ्यांतून जाताना भिंतींवर आपटत आपटत लाखोंचा लोंढा होतो, आणि पडद्यावर एक ठिणगी उमटते. एक ठिणगी म्हणजे एक कण. समोर जाळी सरकवली की त्याच किरणांचा वर्णपटही मिळतो.

या शांत शोधकाने एक मोठी बाजी मारली. 2016 साली या दुर्बिणीने आकाशाचा एक तुकडा 28 तासांहून अधिक काळ न्याहाळला. त्या चित्रांत आयुकाचे कनक साहा आणि त्यांचे सहकारी यांना एका दीर्घिकेचा अतिशय प्रखर जंबुपार उजेड सापडला. ती 930 कोटी प्रकाशवर्षे दूर. शोध 2020 साली प्रसिद्ध झाला. आता पाहा, आपल्या दुर्बिणीचा आरसा 37.5 सेंटिमीटरचा, आणि अमेरिकेच्या हबलचा 2.4 मीटरचा. एवढ्या मोठ्या हबलला जो उजेड दिसला नव्हता तो या धाकटीला दिसला, कारण तिच्या शोधकाचा स्वतःचा गोंगाट फार कमी होता.

सगळेच गोड झाले असे मात्र नाही. या दुर्बिणीत जवळच्या जंबुपार किरणांसाठी जो दुसरा शोधक होता, तो 2018 साली बंद पडला, तो कायमचा. आणखी एक गोष्ट मला खटकते, ती बोलून दाखवतो. क्ष-किरण दुर्बिणीचे आरसे टाटा संस्थेत घडले, जुळणी इथली, डोके इथले. पण आतली सीसीडी इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठाच्या मदतीने आली. जंबुपार शोधकांसाठी कॅनडाशी करार करावा लागला. आणखी एका यंत्रातले कॅडमियम-झिंक-टेल्युराइडचे तुकडे इस्राएलहून आले. आयुकाने घडवलेली सूर्यदुर्बीण 2 सप्टेंबर 2023 रोजी आदित्य-एल1 यानातून गेली, तिचीही चकती परदेशी. दुर्बीण आपली आणि डोळा पाहुणा, असे आज चालले आहे. मदत घेण्यात कमीपणा नाही, सगळे देश घेतात. पण पाहुणा एखाद्या वर्षी आला नाही तर काय, हा विचार कुणीतरी केला पाहिजे. आणि तो करणारी मुले आज तुमच्या-माझ्या वर्गात बसलेली आहेत.

तिकडे मोठ्या देशांचे पाऊल कुठवर गेले आहे, तेही थोडक्यात सांगतो. 25 डिसेंबर 2021 रोजी सुटलेली वेब दुर्बीण अवरक्त, म्हणजे उष्णतेचे किरण पाहते. उष्णताच पाहायची तर आपले स्वतःचे अंग गार हवे. तिच्या एका यंत्रातले शोधक शून्याखाली सुमारे 266 अंशांवर ठेवले आहेत. दुसऱ्या यंत्रात पारा, कॅडमियम आणि टेल्युरियम यांच्या मिश्रणाची चकती आहे. तिने 2022 साली सातशे प्रकाशवर्षांवरच्या एका परक्या ग्रहाच्या हवेत कार्बन डायऑक्साइडची खूण स्पष्ट वाचली.

याचा आपल्याला उपयोग काय, हा प्रश्न नेहमी येतो. तुमच्या खिशातल्या मोबाइलच्या कॅमेऱ्यात जी चकती आहे, ती ज्या जातीची, त्या जातीचे काम 1990 च्या दशकात अमेरिकेत अवकाशयानांचे कॅमेरे हलके करण्यासाठी झाले. एवढे उत्तर मला पुरते.

शिक्षकबंधूंसाठी दोन गोष्टी सांगून थांबतो. अॅस्ट्रोसॅटची जुनी निरीक्षणे इस्रोने सप्टेंबर 2018 पासून सर्वांसाठी खुली केली आहेत. महाविद्यालयातल्या मुलांना ती मागवून पाहता येतात, पैसे पडत नाहीत. आणि लहान मुलांना वर्णपट दाखवायचा तर उपकरणाची वाट पाहू नका. वर्गाच्या खिडक्या लावून घ्या. स्पिरिटचा दिवा पेटवा, तारेच्या टोकाला ओले मीठ लावून ते ज्योतीत धरा, आणि जुन्या सीडीच्या चकचकीत बाजूत त्या ज्योतीचे प्रतिबिंब तिरके पाहायला सांगा. मेणबत्तीचे प्रतिबिंब सात रंगांत पसरते. मिठाच्या ज्योतीचे पसरत नाही, पिवळेच्या पिवळे राहते. मुलांना चकती आळीपाळीने द्या, म्हणजे गर्दी होणार नाही. मीठ मात्र बारीक कुटून घ्यावे. खडे मीठ ज्योतीत तडतडते आणि डोळ्यांत उडते.